वसईचा दुभाषी : संत गोन्सालो गार्सिया यांचे चरित्र

ज्युबिलीचे वर्ष हे मागे वळून पाहण्याचे वर्ष होय. मंदिराची पायाभरणी कोणी केली, घंटेला आशीर्वाद कोणी दिला, कोणकोणत्या धर्मगुरूंनी येथे सेवा केली, यांची यादी स्मरणिकेच्या आरंभी छापण्याची चाल आहे, व ती योग्यच आहे. उपकारकर्त्यांची नावे विसरणे हा कृतघ्नपणा होय. परंतु अशी यादी वाचताना एक प्रश्न मनात उभा राहतो. इतक्या वर्षांत परमेश्वराने आपणांस जे जे सांगितले, ते सर्व या यादीतील मनुष्यांच्याच मुखाने सांगितले काय? की ज्यांची नावे कोणत्याच यादीत आली नाहीत अशांच्याही मुखाने त्याने आपणांस हाक मारली, आणि आपण ती ऐकली नाही? या प्रश्नाच्या निमित्ताने आपल्याच महाराष्ट्रात जन्मलेल्या एका पुण्यपुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहे.

परंतु वसईस जाण्यापूर्वी क्षणभर आपल्याच जिल्ह्यात थांबू. धाराशिवच्या ईशान्येस तेरणेच्या काठी तेर हे गाव आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हे मोठे व्यापारी नगर होते. ग्रीक दर्यावर्दी त्यास तगर म्हणत, व येथील कापड भडोच बंदरातून पश्चिमेच्या देशांस जाई. ते वैभव मातीखाली गेले. आज तेरची ओळख उरली आहे ती एका कुंभारामुळे. संत गोरोबाकाकांची कथा या भागातील लहान मुलासही ठाऊक आहे. ज्ञानदेव, मुक्ताबाई, नामदेव आदी संतमंडळी एकदा जमली असता गोरोबांनी मडकी घडविण्याचे थापटणे हाती घेऊन एकेकाच्या मस्तकावर मारून पाहिले. इतर सर्व शांत राहिले. नामदेव मात्र रागावले, आणि हे मडके अद्याप कच्चे आहे, असा निर्णय कुंभाराने दिला. नामदेव म्हणजे पांडुरंगाचे लाडके भक्त. तरीही त्यांनी तो निर्णय मनावर घेतला, अपमान गिळला आणि ते गुरूच्या शोधार्थ निघाले, असे परंपरा सांगते. ही वाट त्यांस चिखल तुडविणाऱ्या हातापायांच्या कुंभाराने दाखविली, आणि त्या कुंभाराचे ऐकण्याइतके ते नम्र झाले, यातच त्यांचे मोठेपण.

ख्रिस्ती वाचकास ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्या पवित्र शास्त्रातही देवाचा निरोप पुष्कळदा अशाच मागच्या दाराने आत येतो. सिरियाचा सेनापती नामान कुष्ठरोगाने पीडित असता त्यास बरे होण्याचा मार्ग दाखविला तो त्याच्या घरातील एका बंदिवान इस्राएली मुलीने. आणि तो रागाने परत फिरला तेव्हा त्याची समजूत घातली ती त्याच्या चाकरांनी. वृद्ध याजक एली याच्या घराण्याविषयीचा देवाचा कठोर निर्णय त्यास कळला तो त्याच्याच हाताखाली सेवा करणाऱ्या बाळ शमुवेलाकडून. प्रभूच्या जन्माची वार्ता प्रथम मेंढपाळांस मिळाली. त्याच्या पुनरुत्थानाची वार्ता स्त्रियांनी आणली, तेव्हा प्रत्यक्ष प्रेषितांसही ती वायफळ वाटली. आणि नाझरेथच्या लोकांनी तर सुताराच्या मुलास ओळखले, परंतु देवाच्या पुत्रास ओळखले नाही. संत पौलाने आपल्या ठायी असलेल्या ईश्वरी ठेव्यास मातीच्या भांड्यातील धनाची उपमा दिली आहे. भांडे पाहून धनाची किंमत करणारा मनुष्य नेहमीच फसतो. ज्यांचे चरित्र आपण पाहणार आहोत त्यांच्या बाबतीत अशी फसगत अनेकांची झाली.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म इ. स. १५५६ च्या सुमारास वसई येथे झाला. त्यापूर्वी बावीस वर्षे, म्हणजे १५३४ साली, गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगिजांच्या हाती आली होती, आणि खाडीच्या मुखाशी तटबंदीचे नगर उभे राहत होते. गोन्सालोचे वडील पोर्तुगीज असून आई त्याच मुलखातील देशी स्त्री होती. अशा मुलांची स्थिती त्या काळी मोठी अवघड असे. राज्यकर्ते त्यांस पूर्णपणे आपले मानीत नसत, आणि गावकरीही त्यांस दुरूनच पाहत. तथापि या दोन घरांच्या उंबरठ्यावर वाढणाऱ्या मुलास एक गोष्ट जन्मतःच मिळते, ती ही की तो दोन भाषा ऐकत मोठा होतो. आईची बोली एका कानात व वडिलांची दुसऱ्या कानात. देवाने या मुलाच्या हाती पुढे जे कार्य द्यावयाचे योजिले होते, त्याची पूर्वतयारी त्याच्या पाळण्यातच सुरू झाली होती, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

किल्ल्यातील येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत गोन्सालोचे शिक्षण झाले. त्या संघाच्या मंदिराची दगडी दर्शनी भिंत किल्ल्यात आजही पाहावयास मिळते, आणि लोक त्या मंदिरास गोन्सालोच्याच नावाने ओळखतात. शाळेतील सेबास्तियन गोन्साल्विस नावाच्या धर्मगुरूंचा या मुलावर विशेष लोभ होता. १५७२ साली ते जपानला निघाले तेव्हा त्यांनी गोन्सालोस बरोबर घेतले. मुलाचे वय त्या वेळी पंधरा-सोळा वर्षांचे होते. संत फ्रान्सिस झेवियर यांनी जपानच्या भूमीवर पाऊल ठेवून तेव्हा तेवीस वर्षे झाली होती. तेथे ख्रिस्ती जनांची संख्या वाढत होती, परंतु त्यांस शिकविणारे फार थोडे होते, आणि जे होते त्यांच्या मार्गात भाषेचा डोंगर उभा होता.

हा डोंगर गोन्सालोने मुलाच्या सहजतेने ओलांडला. युरोपातून आलेल्या प्रौढ विद्वानांस जी भाषा वर्षानुवर्षे कष्ट करूनही नीट वश होत नसे, ती या वसईच्या पोराने बाजारात, अंगणांत, लहान मुलांच्या संगतीत आत्मसात केली. सुमारे आठ वर्षे त्याने येशूसंघीयांच्या हाताखाली धर्मशिक्षकाचे काम केले. प्रार्थना शिकवाव्या, आजाऱ्यांस भेटावे, धर्मगुरूंचे प्रवचन लोकांस समजावून द्यावे, असा त्याचा दिनक्रम असे. भाषेबरोबर तेथील लोकांचे मनही तो शिकला.

त्या काळात त्याच्या अंतःकरणात एकच इच्छा दृढ होत गेली. ज्या संघाने आपणांस वाढविले त्याच संघात प्रवेश घेऊन आयुष्य देवास वाहावे, अशी त्याने विनंती केली. ती मान्य झाली नाही. त्याने पुन्हा विनंती केली व तीही मान्य झाली नाही. देशी मातांच्या पोटी जन्मलेल्यांस संन्यस्त संघांची दारे त्या काळी सहसा उघडत नसत, हे इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहे. त्या संघाने आपल्या देशात व जगभर केलेली थोर सेवा आपण कृतज्ञतेने स्मरतो. परंतु पुण्यवान मनुष्यांच्या हातूनही देवाचा निरोप कधी कधी न उघडताच परत पाठविला जातो, हे सत्य झाकून ठेवण्यात पुण्य नाही. जो तरुण रोज त्यांच्या समोर उभा राहून त्यांचे शब्द दुसऱ्यांच्या भाषेत पोहोचवीत होता, तो स्वतःच एक पाठविलेला शब्द आहे, हे त्या घरी कोणाच्या ध्यानात आले नाही.

निराश झालेला मनुष्य एक तर कडवट होतो किंवा जगात रमून जातो. गोन्सालोच्या बाबतीत यांपैकी दुसरे घडेल अशी चिन्हे दिसू लागली. त्याने व्यापार आरंभिला. भाषा अवगत, स्वभाव गोड, व्यवहार चोख; मग यश येण्यास काय उशीर! जपान, मकाव व फिलिपिन्स यांच्या बंदरांत त्याची ये-जा सुरू झाली व हाती चांगला पैसा खेळू लागला. परंतु ज्याच्या अंतःकरणात देवाने एकदा हाक मारली आहे, त्याच्या कानात बाजाराचा गलबला फार दिवस टिकत नाही. मनिला येथे त्याचा संत फ्रान्सिसच्या अनवाणी बंधूंशी परिचय झाला. झिजलेला झगा, उघडे पाय, भिक्षेची भाकर, कुष्ठरोग्यांची शुश्रूषा, हे त्यांचे जीवन त्याने जवळून पाहिले. शेवटी १५८७ च्या सुमारास त्याने धंदा सोडून त्यांच्या मठाचे दार ठोठावले, आणि ते उघडले.

ते उघडले खरे, परंतु सर्वांत खालच्या पायरीवर. गोन्सालोंस धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली नाही. मठातील कष्टाची कामे करणारा, दारावर आलेल्याची विचारपूस करणारा साधा बंधू म्हणून त्यांनी व्रते घेतली, आणि अखेरपर्यंत ते साधे बंधूच राहिले. त्यांनी वेदीवर कधी मिस्सा अर्पण केली नाही. कोणाचा पापनिवेदन संस्कार ऐकला नाही. ख्रिस्तसभेच्या दरबारात त्यांची बैठक दाराजवळची होती. वाचकांनी ही गोष्ट मनात धरून ठेवावी, कारण पुढील प्रसंगाचे सारे मर्म तिच्यात आहे.

त्या काळी जपानची सत्ता तोयोतोमी हिदेयोशी याच्या हाती होती. हा पुरुष साध्या शिपायाच्या घरी जन्मलेला. केवळ स्वपराक्रमाने तो देशाचा अधिपती झाला होता. १५८७ साली त्याने परदेशी धर्मगुरूंनी देश सोडून जावे असे फर्मान काढले होते, परंतु त्याची अंमलबजावणी ढिली राहिली होती. पुढे कोरियावर स्वारी सुरू करून त्याने फिलिपिन्समधील स्पॅनिश सरकारकडेही अधीनतेची मागणी केली. तेव्हा मनिलाच्या गव्हर्नरने १५९३ साली त्याच्याकडे एक शिष्टमंडळ पाठविले. पेद्रो बाप्तिस्ता हे विद्वान व साधुवृत्तीचे फ्रान्सिस्कन धर्मगुरू त्याचे प्रमुख होते. परंतु त्यांस जपानी भाषा येत नव्हती. मग बरोबर कोणास न्यावे? मठातील साध्या बंधूंमध्ये एक असा होता की ज्याने आपले तारुण्य त्या देशात, त्या भाषेत, एका नाकारलेल्या उमेदवाराच्या वेषात घालविले होते.

अशा रीतीने कोरियाच्या स्वारीसाठी बांधलेल्या नागोया येथील किल्ल्यात, सरदारांच्या झगमगाटात, बंधू गोन्सालो हिदेयोशीसमोर उभे राहिले. वकील होते पेद्रो बाप्तिस्ता. परंतु दरबाराने जे शब्द ऐकले ते वसईच्या या बंधूच्या मुखातून आलेले. ज्याची विनंती ऐकण्यास एकेकाळी कोणी तयार नव्हते, त्याच्याच तोंडाकडे आता एका राष्ट्राचा अधिपती व दुसऱ्या राष्ट्राचा वकील असे दोघेही टक लावून पाहत होते. येथे दुभाष्याच्या कामाचा थोडा विचार करणे उचित होईल. लोकांस वाटते की दुभाष्याचे काम बोलण्याचे. वस्तुतः त्याचे पहिले काम ऐकण्याचे आहे. त्याने दोन्ही बाजूंचे म्हणणे पूर्ण ऐकावे, त्यात आपले काही मिसळू नये, आपला मान किंवा अपमान मध्ये आणू नये, आणि जे आले ते जसेच्या तसे पलीकडे पोहोचवावे. जो स्वतःने भरलेला आहे तो दुभाषी होऊ शकत नाही. कुंभाराचे मडके आत पोकळ असते म्हणूनच त्यात पाणी राहते. नाकारलेल्या वर्षांनी गोन्सालोंस आतून असे रिकामे केले होते.

फ्रान्सिस्कन बंधूंस जपानात राहण्याची मोकळीक मिळाली. क्योतो नगरीत त्यांनी एक लहान मठ व मंदिर उभारले आणि त्यालगत गरिबांसाठी रुग्णालये सुरू केली. ज्या कुष्ठरोग्यांस घरच्यांनीही टाकून दिले होते त्यांस तेथे आसरा मिळाला. धर्मगुरू भाषा शिकू लागले होते, तरी दुःखी माणसाचे पहिले बोलणे ऐकून घेण्यास बंधू गोन्सालो हवेच असत. दरबारात जी जीभ अधिपतीशी बोलली तीच येथे कुष्ठरोग्याच्या अंथरुणाशी बोलू लागली, आणि तिच्या स्वरात काही फरक पडला असेल असे वाटत नाही.

१५९६ च्या ऑक्टोबरात संकटाने तोंड दाखविले. मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले सान फेलिपे नावाचे मोठे स्पॅनिश जहाज वादळाने मोडके होऊन जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागले. त्यावरील मौल्यवान माल हिदेयोशीच्या अधिकाऱ्यांनी जप्त केला. स्पेनचे राज्य इतके कसे पसरले, असे विचारले असता जहाजावरील सुकाणूदाराने, आधी धर्मगुरू जातात व मागून सैन्य येते, अशा आशयाची बढाई मारली, असे सांगितले जाते. ती खरी असो वा वाढविलेली असो, हिदेयोशीचा संशय भडकला. ज्या माणसांनी क्योतोत कुष्ठरोग्यांच्या जखमा धुण्यापलीकडे कोणतीही मोहीम काढली नव्हती, त्यांस शत्रूचे हेर ठरविण्यात आले. डिसेंबरात मठाभोवती पहारे बसले, आणि ज्यांस मारावयाचे त्यांच्या नावांची यादी तयार झाली.

त्या यादीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तीत मथियास नावाचा एक मनुष्य होता. शिपाई त्यास घेण्यास आले तेव्हा तो बाहेर गेला होता. त्यांनी नावाचा पुकारा केला. तेव्हा जवळच राहणारा दुसराच एक मनुष्य पुढे आला. आपण तो मथियास नसलो तरी आपले नाव मथियासच आहे, आणि आपणही ख्रिस्ती व या बंधूंचा मित्र आहोत, असे त्याने सांगितले. शिपायांस संख्या भरल्याशी कारण होते. त्यांनी त्यास धरून नेले. या दुसऱ्या मथियासाविषयी याहून अधिक असे फारसे काही इतिहासाने नोंदलेले नाही. परंतु दुसऱ्याच्या नावाने आलेली देवाची हाक त्याने आपली म्हणून ओळखली, आणि तेवढ्यावर तो संत झाला.

इतरही कैदी असेच सामान्य होते. संत पौल मिकी यांच्यासारखे निष्णात वक्ते त्यांत होते हे खरे. परंतु त्यांच्या शेजारी एक धनुष्ये करणारा कारागीर व त्याचा किशोरवयीन मुलगा होता, तलवारींस धार लावणारा होता, स्वयंपाकी होता, येशूसंघाच्या ओसाका येथील घरात पाहुण्यांची व्यवस्था पाहणारा चौसष्ट वर्षांचा वृद्ध होता, आणि लुदोविको नावाचा बारा वर्षांचा मुलगा होता. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योतो येथे या चोवीस जणांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला, आणि गाड्यांत बसवून त्यांची नगरोनगरी धिंड काढण्यात आली. ज्या दुभाष्याने आयुष्यभर ऐकण्याचे काम केले त्याचा कानच प्रथम छाटला गेला, यातील अर्थ वाचकांनी स्वतःच पाहावा.

नंतर भर हिवाळ्यात नागासाकीपर्यंतचा सुमारे एक महिन्याचा प्रवास सुरू झाला. नागासाकीत ख्रिस्ती लोक पुष्कळ होते. त्यांस दहशत बसावी म्हणून ते स्थळ निवडले होते. वाटेत कैद्यांची सेवा करण्यासाठी दोघे जण मागोमाग चालत होते, त्यांपैकी एक सुतार होता. पहारेकऱ्यांनी त्यांसही कैद्यांत सामील केले. त्यांनी तक्रार केली नाही. यादी चोवीसांची होती. वधस्तंभ सव्वीस लागले.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी सकाळी नागासाकीजवळच्या निशिझाका टेकडीवर ते सर्व पोहोचले. क्रूस ओळीने जमिनीवर मांडले होते. लहानग्या लुदोविकोने आपला क्रूस कोणता असे विचारले व तो दाखविताच धावत जाऊन त्यास मिठी मारली. क्रुसावर प्रथम चढविण्यात आले ते बंधू गोन्सालो, असे परंपरा सांगते. पौल मिकी यांनी क्रुसावरून शेवटचे प्रवचन केले व आपल्या मारेकऱ्यांस क्षमा केली. मग प्रत्येक क्रुसाशी दोन भालाईत उभे राहिले आणि काही वेळातच सर्व संपले. बंधू गोन्सालो तेव्हा सुमारे चाळीस वर्षांचे होते. सव्वीसांत जपानी वीस, स्पॅनिश चार, मेक्सिकोचा एक आणि हिंदुस्थानचा एक. तो एक आपला वसईकर. दीक्षित धर्मगुरू त्यांत थोडेच; सतरा जण कोणत्याही संघाची पूर्ण व्रते न घेतलेले सामान्य ख्रिस्ती लोक होते. ज्या येशूसंघाने गोन्सालोंस प्रवेश दिला नाही त्या संघाचे तिघे त्याच टेकडीवर, त्याच ओळीत होते. माणसांनी बंद केलेले दार देवाने तेथे उघडले.

पुढे १६२७ साली या हुतात्म्यांस धन्यवादित पद मिळाले व ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांस संतपद बहाल केले. भारतभूमीत जन्मलेले पहिले संत म्हणून गोन्सालो गार्सिया यांचे नाव आज जगभर घेतले जाते. वसईजवळील गास गावचे मंदिर त्यांच्या नावाने आहे.

परंतु या कथेचा एक उत्तरार्ध नागासाकीतच घडला, आणि तो आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. या हुतात्म्यांनंतर जपानात ख्रिस्ती धर्मावर कडक बंदी आली. पुढे एकही धर्मगुरू उरला नाही. परदेशीयांसाठी बंदरे पुन्हा उघडल्यावर फ्रेंच धर्मगुरूंनी नागासाकीच्या ओउरा भागात या सव्वीस हुतात्म्यांच्या नावाने एक मंदिर बांधले. १७ मार्च १८६५ रोजी त्या मंदिराच्या दाराशी काही गरीब खेडूत येऊन उभे राहिले. फादर पेतिजाँ यांनी दार उघडून त्यांस आत घेतले व ते वेदीपुढे प्रार्थनेस बसले. तेव्हा त्या लोकांतील एक प्रौढ स्त्री जवळ आली आणि आम्हां सर्वांचे अंतःकरण तुमच्याच सारखे आहे, अशा अर्थाचे काही तिने हळूच त्यांच्या कानाशी सांगितले. मग पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. तेव्हा फादरांस उमगले, की धर्मगुरूंवाचून, मंदिरावाचून, सुमारे अडीचशे वर्षे या शेतकरी-कोळ्यांनी श्रद्धेचा दिवा झाकून जिवंत ठेविला होता. विद्वान धर्मगुरू शुभवार्ता सांगण्यास समुद्र ओलांडून आले होते. आणि त्यांस शुभवार्ता सांगितली ती एका खेडवळ स्त्रीने! फादर पेतिजाँ यांचे मोठेपण हे की त्यांनी ती ऐकली.

ही कथा लिहिताना मला स्वतःचा एक अपराध कबूल केल्याशिवाय पुढे जाववत नाही. मी जन्माने वसईचा; या संताच्या नावाचा उत्सव पाहत लहानाचा मोठा झालो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे भूकंपाने लातूर व धाराशिव या जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त केली, त्या वेळी मी सेमिनरीत शिकत होतो. काही दिवसांनी मदतकार्यासाठी आम्हां काही विद्यार्थ्यांस लोहारा तालुक्यात पाठविण्यात आले. धान्य, ताडपत्री व कांबळी यांचे वाटप माझ्याकडे होते. माझ्या हाती कुटुंबांची यादी असे, आणि यादीबरहुकूम काम चालले आहे याचा मला मोठा अभिमान वाटे. एक वृद्ध स्त्री दोनदा माझ्याकडे आली. गावाबाहेरच्या शेतातील कोठ्यात एक बाळंतीण आहे, ती रांगेत येऊ शकत नाही, कोणी तरी तिकडे जावे, असे ती सांगत होती. मी यादी पाहिली. तीत ते नाव नव्हते. मी तिला रांगेत उभे राहण्यास सांगितले. तिसऱ्यांदा ती आली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका गावकऱ्याबरोबर मी सहज त्या बाजूस गेलो. कोठ्याचे अर्धे छप्पर उडालेले, पावसाने जमीन ओली, आणि तापाने फणफणलेली ती बाई लेकरास छातीशी धरून पडलेली. तिच्या अंगावर एक कांबळे होते. ते मी ओळखले. आदल्या दिवशी मीच ते त्या वृद्धेच्या हाती, तिच्या वाट्याचे म्हणून, यादीवर खूण करून दिले होते. देवाच्या दयेने वैद्यकीय पथक त्याच दिवशी मिळाले व मायलेकरे वाचली. त्या वृद्धेने मला एका शब्दाने दोष दिला नाही. तिची स्वतःची माणसे ढिगाऱ्याखाली गेली होती, हे मला मागाहून कळले. मी प्रेषितकार्याचे धडे गिरवीत होतो, आणि प्रेषित माझ्यापुढे दोनदा येऊन उभा राहिला असता मी त्यास रांगेत जाण्यास सांगितले. निरोप आला होता. घेणारा घरी नव्हता. गोरोबांनी त्या दिवशी माझ्या मस्तकावर थापटणे मारले असते तर कोणता आवाज आला असता, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

तेव्हापासून अनेक वर्षे लोटली. दीक्षेनंतर पुष्कळ ठिकाणी सेवा करून मी पुन्हा याच भागात आलो आहे. मी पुष्कळ प्रवचने दिली. त्यांतील किती लोकांच्या लक्षात राहिली ते देव जाणे. परंतु त्या वृद्धेचे प्रवचन मात्र मी विसरलो नाही. यादी ही चांगली वस्तू आहे. तिच्यावाचून कोणतेही काम नीट होत नाही. परंतु यादी हाती घेतलेल्याने अधूनमधून मान वर करून समोर पाहिले पाहिजे.

म्हणून प्रिय धर्मबंधुभगिनींनो, या ज्युबिलीच्या वर्षी आपण एक करू. स्मरणिकेच्या पहिल्या पानांवरील नावे वाचून झाली की क्षणभर डोळे मिटून दुसरी नावे आठवू. भल्या पहाटे उठून मंदिर झाडणारी ती कोण? पावसाळ्यात चिखल तुडवीत वस्तीवर जाऊन मुलांस प्रार्थना शिकविणारा तो धर्मशिक्षक कोण? घरातील वादात सर्व मोठी माणसे आवाज चढवीत असता, आपण रात्रीची प्रार्थना केली नाही, याची आठवण करून देणारे ते लेकरू कोणाचे? मिस्साबलीस न येणारा, आपल्या धर्माचाही नसलेला, परंतु अडचणीच्या वेळी न बोलावता धावून येणारा तो शेजारी कोण? यांच्यापैकी कोणी आपणांस काही सांगितले होते काय, आणि आपण त्यास रांगेत उभे राहण्यास सांगितले काय?

संत गोन्सालो, तुम्ही मायबोलीचे ऋण घेऊन दूर देशी गेलात व तेथे देवाच्या शब्दाचे वाहक झालात. नाकारले गेलात, तरी कडवट झाला नाहीत. आमच्यासाठी प्रभूजवळ विनंती करा, की आमच्या दाराशी येणारा त्याचा प्रत्येक दूत, मग तो कोणत्याही वेषात, कोणत्याही बोलीत, कोणत्याही वयात येवो, आम्हांस ओळखता यावा. आणि त्याचा निरोप ऐकण्यास आमचे कान शाबूत असावेत. आमेन.